देठ हिरवा राहिला पाहिजे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाशिक हे नाव नाकावरून पडले, असे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, म्हणून हे नाशिक. नऊ शिखरांचे गाव म्हणून नाशिक, असे म्हणणारेही आहेत. त्या वादात मी पडत नाही. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करण्यात माझे आयुष्य या गावात गेले. पण नाकाची गोष्ट निघाली की मला एक दुसरी गोष्ट आठवते. ती कापलेल्या नाकाची नाही, पुन्हा बसवलेल्या नाकाची आहे, आणि ती घडली पुण्याजवळ. आज मला ज्या आजाराविषयी बोलायचे आहे, त्याच्या उपचाराचा धागा त्या नाकापर्यंत जातो. म्हणून सुरुवात तिथून.

आजार मात्र वेगळा आहे, आणि घरात तो दबक्या आवाजात बोलला जातो. मुलगा जन्माला येतो, पेढे वाटले जातात, आणि बाराव्या दिवसाच्या सुमारास आजी आंघोळ घालताना म्हणते, ‘‘याची लघवी टोकातून नाही होत, खालून होते.’’ लघवीचे छिद्र शिश्नाच्या टोकाला असण्याऐवजी खालच्या बाजूला असते. कधी टोकापासून जरासे मागे, कधी मध्यावर, तर कधी पार अंडकोशाजवळ. बरेचदा शिश्न खाली वाकलेले असते आणि पुढची कातडी फक्त वरच्या बाजूला टोपीसारखी असते. वैद्यकात याला हायपोस्पॅडियास म्हणतात. हा शब्द ग्रीक आहे आणि तो पहिल्यांदा वापरण्याचे श्रेय दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याला दिले जाते. जन्मलेल्या साधारण दोनशे ते तीनशे मुलग्यांमागे एकाला हा दोष असतो. म्हणजे तो दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ते त्याविषयी मोकळेपणाने बोलणे.

काही मुसलमान कुटुंबांत अशा बाळाची सुंता देवानेच करून पाठवली असे मानतात आणि त्याला भाग्याचे लक्षण समजतात. त्या समजुतीचा एक फायदा मी पाहिला आहे. ती कातडी कोणी कापत नाही, आणि शस्त्रक्रियेला नेमकी तीच लागते. तिचे कारण पुढे येईलच.

या मुलांच्या वाट्याला काय येते, ते शाळेत कळते. मधल्या सुटीत मुले रांगेत उभी राहतात, हा बसतो किंवा जातच नाही. घरी येईपर्यंत लघवी दाबून धरतो. मोठा झाला की लग्नाची भीती. माझ्याकडे एक शेतकरी आपल्या चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. इतकी वर्षे का थांबलात, असे विचारल्यावर म्हणाले, ‘‘कुणाला सांगायचं साहेब? आणि सांगून पुन्हा वाईट झालं तर?’’

‘पुन्हा वाईट झालं तर’ हाच आजचा विषय आहे. ही शस्त्रक्रिया नीट झाली तर मूल ती विसरूनही जाते. बिघडली तर दुसरी करावी लागते, मग तिसरी, आणि प्रत्येक वेळी यश अवघड होत जाते, कारण प्रत्येक वेळी चांगली कातडी कमी होते आणि व्रणांची कातडी वाढते.

कावसजीचे नाक

आता पुण्याकडे जाऊ. १७९४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र छापून आले. खाली सही फक्त दोन अक्षरांची, बी. एल. सोबत एका माणसाचे चित्र. त्याचे नाव कावसजी. नावावरून तो पारशी वाटतो, पण पत्रात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे म्हटले आहे. १७९२ च्या लढाईत तो इंग्रजी फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. त्यांतल्या एकाचे नाव टॉमस क्रूसो.

त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. बैल हाकणाऱ्याचे नाव राहिले, चित्रकार जेम्स वेल्सचे राहिले, नाक करणाऱ्याचे गेले. पण त्याने काय केले ते पत्रात पायरीपायरीने दिले आहे. ते मी मुद्दाम सांगतो, कारण माझ्या मते शस्त्रक्रियेतला बिघाड कसा टाळायचा याचा तो एक उत्तम धडा आहे.

पहिली पायरी मोजमापाची. त्याने मेणाचा पातळ पत्रा कापलेल्या नाकावर बसवला, त्याला नाकाचा आकार दिला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याभोवती रेघ आखली. म्हणजे सुरी लावण्याआधी किती कातडी लागणार हे ठरले. दुसरी पायरी, रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली, पण सगळी नाही. दोन भुवयांमध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवली. नवी जागा धरेपर्यंत रक्त त्या पट्टीतून येत राहील, हे त्याला ठाऊक होते. तिसरी पायरी, कापलेल्या नाकाची जुनी, बरी झालेली कड तासून ताजी केली आणि तिथे नवी कातडी बसवली. टाके घातले नाहीत. काथ पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि अशा पाचसहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या.

आणि मग तो थांबला. चार दिवस पट्टी उघडायची नाही. मग तुपात भिजवलेले कापड. रोग्याने पाचसहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाच्या वाती. आणि कपाळाला जोडून ठेवलेली ती पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापायची, त्याआधी नाही.

आम्ही नाशिककर द्राक्षवाले. आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. घड किती दिवस टिकेल हे मण्यांवरून नाही, देठावरून ओळखतात. देठ हिरवा तोवर घड जिवंत. कातडीचेही तसेच. त्या वीटकराने देठ पंचवीस दिवस हिरवा ठेवला.

त्याच्या मागे मोठी परंपरा होती. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेऊन नाक करण्याची कृती आहे. तिथेही झाडाच्या पानाने माप घ्यायला सांगितले आहे, आणि नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून एरंडाच्या नळ्या घालायला सांगितल्या आहेत. पण आपल्याकडे सगळेच आधी होते, असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. लघवीची नळी नव्याने करण्याची कृती सुश्रुतसंहितेत नाही. ज्याचे श्रेय त्याला द्यावे.

ते पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक कपाळाच्या कातडीने केले. १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. तिथून ही विद्या बर्लिनला गेली. ग्रेफे यांनी तिच्यावर १८१८ साली पुस्तक लिहिले, आणि त्यांच्यानंतर त्यांच्या जागी आलेल्या डीफेनबाख यांनी नाक, ओठ, पापण्या अशा कितीतरी शस्त्रक्रिया केल्या. इकडे आपल्याकडेही हे काम अगदी थांबले नव्हते. जुनागढचे सर्जन त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ साली शंभर नाकांचा अहवाल छापला.

कोरडे नाक, ओली नळी

डीफेनबाख यांनी हायपोस्पॅडियासही करून पाहिला. टोकापर्यंत एक बोगदा पाडायचा, त्यात नळी ठेवायची आणि आतून आपोआप अस्तर येईल अशी वाट पाहायची. ते जमले नाही. एवढ्या मोठ्या सर्जनला नाक जमले आणि ही दोन बोटांची नळी का जमली नाही?

कारण नाक कोरडे असते. लघवीची नळी ओली असते. दिवसातून कितीतरी वेळा तिच्यातून दाबाने लघवी जाते, आणि जिथे टाका कच्चा असेल तिथे वाट शोधते. तिथे एक छिद्र पडते, त्याला आम्ही फिश्चुला म्हणतो. मग लघवी दोन ठिकाणांहून होते. दुसरा बिघाड याच्या उलट. नळी आवळते, धार बारीक होते, मूल कुंथून लघवी करते. त्याला स्ट्रिक्चर म्हणतात. तिसरा, सगळे टाकेच उसवतात. चौथा, वाकडेपणा पुन्हा येतो. या चार शत्रूंशी झालेली लढाई म्हणजे या शस्त्रक्रियेचा पुढला दीडशे वर्षांचा इतिहास. तो सगळा सांगत बसलो तर वेळ पुरणार नाही. तीनशेच्या आसपास पद्धती नोंदल्या गेल्या आहेत, आणि एखाद्या आजारावर इतक्या पद्धती असल्या की समजावे, कुठलीच पुरती समाधानकारक नाही. पण त्यांतले तीनचार टप्पे सांगण्यासारखे आहेत.

जर्मनीचे थीर्श यांनी १८६९ साली एक साधी गोष्ट ओळखली. ते याच्या उलट्या, म्हणजे छिद्र वरच्या बाजूला असणाऱ्या दोषावर काम करत होते. नळीचा टाका आणि कातडीचा टाका एकावर एक आले तर गळती ठरलेली. म्हणून एक शिवण एका बाजूला, दुसरी दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे रेनकोटाची किंवा दुहेरी पदराच्या कोटाची शिवण जशी असते तशी. पावसात कोट का गळत नाही हे शिंप्याला ठाऊक असते, ते सर्जनला कळायला इतका काळ लागला. पुढे १९७३ साली मेलबर्नच्या डरहॅम स्मिथ यांनी हेच तत्त्व हायपोस्पॅडियासमध्ये नेमकेपणाने आणले. एका पदराची वरची त्वचा खरवडून तो दुसऱ्या पदराखाली सरकवायचा. फिश्चुला कमी करण्याच्या कामात हे पाऊल मोठे आहे. आज आपण नळीवर कातडीखालच्या मऊ पडद्याचे एक जिवंत पांघरूण घालतो आणि मग वरची कातडी शिवतो. तेही याच विचाराचे नातवंड.

फ्रान्सचे द्युप्ले यांनी १८७४ साली टप्प्याटप्प्याने नळी करण्याची पद्धत दिली, आणि १८८० साली एक निरीक्षण नोंदले. नळी पुरती वळली नाही, तिची एक बाजू उघडी राहिली, तरी वरून झाकली की निसर्ग आतले अस्तर पुरे करतो. लंडनच्या लहान मुलांच्या रुग्णालयातले डेनिस ब्राउन यांनी १९४९ साली याच निरीक्षणावर आपली पद्धत उभी केली. कातडीची एक पट्टी तशीच ठेवायची आणि ती वरून बुजवायची. टाक्यांना मणी लावून ताण विभागायचा. ही पद्धत जगभर गेली. आमच्या शिक्षकांच्या पिढीने तीच केली. ती सोपी होती, पण फिश्चुला मात्र बरेच व्हायचे.

तिसरा टप्पा आपल्या देशातला आहे, आणि त्याचा उल्लेख आपल्याकडे फारसा होत नाही. आग्ऱ्याचे डॉ. हरी असोपा यांनी १९७१ साली एकाच वेळी सगळी दुरुस्ती करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. टोपीसारख्या पुढच्या कातडीच्या आतल्या पदराची नळी करायची. पुढे त्यांनी ही पद्धत आणखी सुधारली. नळी झालेला आतला पदर बाहेरच्या कातडीपासून सोडवायचा नाही, दोन्ही एकमेकांना धरून एकत्र खाली आणायचे. का? तर देठ. रक्त ज्या वाटेने येते ती वाट मोडायची नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जॉन डकेट यांनी १९८० साली देठ राखूनच वेगळ्या रीतीने नळी केली आणि तिचे नाव जगभर झाले. असोपांचेही काम जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. आता लक्षात येईल की या मुलांची सुंता आधीच करू नका असे आम्ही का सांगतो. ती टोपी म्हणजे दुरुस्तीचे कापड असते.

आणि १९९४ साली वॉरन स्नॉडग्रास यांनी द्युप्ले यांच्या जुन्या निरीक्षणाकडे नव्याने पाहिले. मूळ नळीच्या जागी जी सपाट पट्टी असते, तिला मधोमध एक चीर द्यायची. पट्टी रुंद होते, ताण न देता वळते, आणि चिरेची जागा आतून भरून येते. टोकाजवळच्या सौम्य दोषांत ही पद्धत आज सर्वांत जास्त वापरली जाते.

माझी वही

आता माझ्याविषयी. ते सांगितल्याशिवाय वरचे सगळे पुस्तकी राहील.

मुंबईत शिक्षण संपवून मी नाशिकला आलो तेव्हा उमेद दांडगी होती. १९८७ साली दिंडोरीकडचा एक चार वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. वडील दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला. मी शस्त्रक्रिया केली. डोळ्यांना भिंग लावले नव्हते, तेव्हा आमच्यापैकी फारच थोडे लावत. धागा जाड कॅटगटचा. टाके सुबक आले असे मला वाटले. आठव्या दिवशी नळी काढली. दहाव्या दिवशी आई परत आली. ओरडली नाही, रडली नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, ‘‘डॉक्टर, आता दोन ठिकाणांहून होती.’’

मी त्यांना शस्त्रक्रियेआधी काय सांगितले होते? ‘थोडासा धोका असतो’ एवढेच. आकडा विचारला असता तर मी पुस्तकातला सांगितला असता. तो आकडा माझा नव्हता, परदेशातल्या एखाद्या मोठ्या सर्जनचा होता.

सहा महिन्यांनी पुन्हा केले. पुन्हा छिद्र. मग त्या कुटुंबाने दुसरीकडे दाखवले, तिथेही झाले. एकूण चार शस्त्रक्रिया. जुन्या इंग्रजी पुस्तकांत अशा मुलांना ‘हायपोस्पॅडियासचे पांगळे’ म्हणत. तो शब्द मला तेव्हा खटकला नव्हता. आता खटकतो. पांगळे त्यांना आजाराने केलेले नसते, आम्ही केलेले असते.

त्यानंतर मी एक साधी दोनशे पानी वही केली. प्रत्येक मुलाचे वय, दोष कुठवर, वाकडेपणा किती, कुठली पद्धत, कुठला धागा, नळी कितव्या दिवशी काढली, आणि पुढे काय झाले. ‘पुढे काय झाले’ हा रकाना भरणे सर्वांत अवघड. बरी झालेली मुले येत नाहीत, आणि बिघडलेलीही लाजेने येत नाहीत. पत्ते शोधून पोस्टकार्डे टाकली. काही वर्षांनी हिशेब मांडला. माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा वहीतला आकडा बराच वाईट होता.

पण वहीने मला काही गोष्टी शिकवल्या, आणि पुढे जगभरच्या अनुभवातूनही त्याच निघाल्या. चांगली नळी जाते ती बहुतेकदा रक्त न पोचल्याने, ताणाने किंवा घाईने. वीटकराच्या तीन पायऱ्या. भिंग लावल्यावर मला दिसले की आधी मी किती जिवंत कातडी चिमट्याने चिरडत होतो. केसाहून बारीक, आपोआप विरघळणारे धागे आले. रक्तस्राव थांबवताना कातडी भाजू नये अशी दोन टोकांची बारीक उपकरणे आली. १९७४ साली गिट्स आणि मॅकलॉफलिन यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच सलाइन भरून वाकडेपणा तपासण्याची युक्ती दिली होती. ती नियमाने करू लागल्यावर वाकडेपणा मागे राहणे कमी झाले. पाठीच्या कण्याखाली दिलेल्या भुलीने मूल दुखण्याविना जागे होते, धडपडत नाही, पट्टी ओढत नाही. वय बदलले. पूर्वी आम्ही शाळेच्या आधी म्हणजे तीनचार वर्षांपर्यंत थांबायचो. आता साधारण सहा ते अठरा महिने हे वय सोयीचे मानतात. लंगोटीतल्या बाळाला नळीची लाज नसते आणि आठवणही राहत नाही. दोन लंगोट एकावर एक घालायचे, आतला शीसाठी, बाहेरच्यात नळीचे टोक. इतकी साधी गोष्ट, पण जखम कोरडी राहते.

आणि धीर. दोष मोठा असेल, छिद्र अंडकोशाजवळ असेल आणि वाकडेपणा फार असेल, तर एका बैठकीत सगळे करण्याचा हट्ट सोडावा लागतो. इंग्लंडचे ऐवर ब्राका यांनी १९९५ साली दोन टप्प्यांची बाजू ठामपणे मांडली. आधी नवे कापड अंथरायचे, ते सहा महिने रुजू द्यायचे, मग नळी वळायची. आईबापांना वाटते, दोनदा भूल कशाला? मी त्यांना पंचविसाव्या दिवसाची गोष्ट सांगतो.

एवढे करूनही बिघाड शून्य झालेला नाही. टोकाजवळच्या दोषांत अनुभवी हातांत शंभरातल्या पाचदहा मुलांना पुन्हा टेबलावर यावे लागते. मोठ्या दोषांत चांगल्या केंद्रांतही तिसरा हिस्सा, कधी निम्म्याच्या आसपास मुलांना काही ना काही दुरुस्ती लागते, आणि काही बिघाड वयात आल्यावर दिसतात. म्हणून एका वर्षात सगळे छान म्हणून फाइल बंद करू नये. मिसरूड फुटेपर्यंत अधूनमधून धार बघावी.

तो परत आला

दिंडोरीचा तो मुलगा २००८ साली परत आला. पंचवीस वर्षांचा. लग्न ठरले होते. मी त्याला ओळखले नाही, त्याने ओळखले. नळी आवळलेली, छिद्र तसेच, आणि चार शस्त्रक्रियांनंतर पुढची कातडी शिल्लक नव्हती.

अशा वेळी कापड आणायचे कुठून? याचे उत्तर १९४१ साली इंग्लंडच्या ग्रॅहम हंबी यांनी दिले होते. त्यांनी हायपोस्पॅडियासच्या एका मुलात तोंडातले अस्तर वापरले. तोंड कायम ओले असते, त्यामुळे ते अस्तर ओल्याला सरावलेले. पन्नास वर्षे हा विचार मागे पडला होता, १९९० नंतर तो जगभर परत आला. आज अवघड नळ्यांसाठी गालाच्या आतले अस्तर हा मोठा आधार आहे. आपल्या पुण्यात डॉ. संजय कुलकर्णी यांनी या कामात मोठे नाव कमावले. त्यांची नळी एकाच बाजूने सोडवण्याची पद्धत २००९ साली प्रसिद्ध झाली. एका बाजूने सोडवायची, म्हणजे दुसऱ्या बाजूचे रक्त शाबूत राहते. पुन्हा देठच.

मी त्याला म्हणालो, तोंड उघड. दोन बोटेही आत जाईनात. गुटखा. बारा वर्षांचा असल्यापासून. गाल आतून पांढरे, कडक, चामड्यासारखे. राज्यात गुटख्यावर बंदी २०१२ साली आली, ही त्याच्या आधीची गोष्ट. देवाने दिलेले एक कापड आम्ही वाया घालवले होते, दुसरे त्याने.

शेवटी जिभेच्या खालचे अस्तर वापरायचे ठरले. इटलीतल्या डॉक्टरांनी ते थोड्याच वर्षांपूर्वी करून दाखवले होते, आणि त्याचे ते अस्तर बऱ्यापैकी होते. पण आधी गुटखा सुटला पाहिजे, ही अट. लग्न पुढे ढकलावे लागले. त्याने मुलीला खरे सांगितले. ती थांबली. शस्त्रक्रिया मी केली नाही. माझ्या एका मित्राने केली, दोन टप्प्यांत. त्याचा हात या कामात माझ्याहून चांगला होता, आणि इतक्या वर्षांनी मला तेवढे कळत होते. मी शेजारी उभा राहून बत्ती धरली म्हणा.

आईबापांसाठी दोन शब्द सांगून थांबतो. बाळाला असा दोष दिसला तर लपवू नका आणि घाबरूही नका. सुंता करू नका. दोन्ही अंडकोश खाली उतरलेले नसतील तर आधी तपासण्या लागतात, तिथे घाई नको. दोष अगदी किरकोळ असेल, धार सरळ असेल, तर शस्त्रक्रिया न करणे हाही एक निर्णय असतो, तोही डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि करायचीच ठरली तर हे काम नेहमी करणारा हात शोधा. पहिली शस्त्रक्रिया हीच सर्वांत चांगली संधी असते.

त्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारा. संकोच करू नका, तो उद्धटपणा नाही. विचारा, ‘‘डॉक्टर, तुमच्या हातच्या किती मुलांना पुन्हा टेबलावर यावे लागले?’’ ज्यांच्याकडे वही असेल ते उत्तर देतील. दिंडोरीच्या त्या आईने हा प्रश्न मला १९८७ साली विचारला असता, तर माझ्याकडे उत्तर नव्हते.